साबण न लावलेलं वारूळ

"टेबलावरून ती बरणी काढ."

"का? बरणीनं तुझं काय घोडं मारलंय?"

"घरात नवीन माणूस आलंय. ती जेवायला बसणार आणि समोर काय, तर मुंग्या!"

"मग? मुंग्या काय तिच्या ताटात बसणारेत? त्यांचं ताट वेगळं आहे."

"अगं, लोक मुंग्या घरात येऊ नयेत म्हणून पावडरी टाकतात. आणि तू पाळतेस!"

"लोक दातसुद्धा पाडून घेतात. म्हणून मी कवळ्या करायच्या सोडून देऊ?"

"यात दातांचा काय संबंध?"

"तुझ्याशी बोलायला संबंध कशाला लागतो, दादा?"

दाराआड पाण्याचं भांडं घेऊन वहिनी उभी होती. लग्न होऊन या घरात आली त्याला अजून आठवडासुद्धा झाला नव्हता. नव्या माणसानं दाराआड उभं राहून ऐकू नये म्हणतात. खरंय, पण मग दारं तरी इतकी पातळ करू नयेत. आत भाऊ-बहीण हमरीतुमरीवर आले होते, आणि भांडणाचं कारण आपण आहोत एवढं तिला कळलं. आपल्याबरोबर भांडणात मुंग्याही आहेत, हे काही तिच्या पचनी पडेना.

"शेवटचं सांगतो," आतून दादाचा आवाज चढला, "एक तर ती बरणी जाईल, नाहीतर..."

नाहीतर काय, ते दादाला सुचेना. त्याचं नेहमी असंच व्हायचं. 'नाहीतर'पर्यंत गाडी जोरात यायची आणि तिथे रूळ संपायचे. हे वहिनीला पुढे चांगलं पाठ झालं. त्या दिवशी मात्र तिला वाटलं, आता काहीतरी भयंकर ऐकावं लागणार. म्हणून ती घाईनं आत शिरली, भांडं टेबलावर आदळलं आणि म्हणाली, "मला भाजी चिरायला टेबल लागेल. पण वन्संच्या खोलीतला तो भिंतीतला कोनाडा रिकामाच आहे ना? तिथे बसतील की मुंग्या."

भाऊ-बहिणीनं एकमेकांकडे पाहिलं. टेबल सुटलं म्हणून दादा जिंकला, मुंग्या राहिल्या म्हणून बहीण जिंकली. संसार चालवायला याहून फार जास्त अक्कल लागत नाही.

त्या बहिणीला अख्खी गल्ली कवळीताई म्हणायची. कवळ्या करायच्या कारखान्यात ती कामाला होती. कारखाना म्हणजे काय, तर दातांच्या डॉक्टराच्या जिन्याखालच्या दोन खोल्या. डॉक्टर वरून तोंडाचे ठसे पाठवायचा. ठशात प्लास्टर ओतून ताई जबडा करायची, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवायची, हिरड्यांत एकेक दात बसवायची. मग सगळं पुन्हा प्लास्टरमध्ये गाडायचं, गरम पाण्यानं मेण वितळवून काढायचं आणि मेणाच्या रिकाम्या जागेत गुलाबी मसाला भरायचा. गल्लीतलं निम्मं म्हातारपण ताईच्या हातचे दात घालून हसायचं. रस्त्यात कोणी हसून बोललं तर ती आधी दात बघायची, मग माणूस. "डावीकडची दाढ उंच राहिलीय हो, या जरा घासून देते," म्हणायची, आणि मग विचारायची, "बाकी बरं ना?"

आता या बाईला मुंग्यांचा नाद लागला कसा? कारखान्याच्या मागच्या अंगणात, भिंतीच्या पायथ्याला जमिनीत एक भोक होतं. भोकाभोवती मातीचा बारीक कठडा, आणि कठड्याला लावलेलं कबुतराचं एक पीस, वाळकी काडी, कसल्याशा किड्याचा चमकता पंख. डबा खाताना ताई तिकडे बघत बसायची. बघता बघता कळलं की हे वाऱ्यानं आलेलं नाही, कोणीतरी आणून लावतंय. काळी, राखाडी झाक असलेली, चांगली दणकट मुंगी एकटीच यायची, काडी लावायची, जरा मागे सरकायची, पुन्हा येऊन ती हलवायची. "अगदी पडदे लावणारी बाई," ताई म्हणाली. पुढे अंगणात सिमेंट ओतायचं ठरलं. तेव्हा तिनं प्लास्टर कालवायची पळी घेतली आणि ते सगळं बिऱ्हाड माती-अंड्यांसकट खणून बरणीत भरून घरी आणलं. मुंग्या चावतात हे तिला त्याच दिवशी कळलं. "चावल्या नाहीत, नांगी मारली," ती सांगायची. "चावायचं काय ते मला विचारा."

तर कोनाडा ठरला. आणि ताईनं ठरवलं, बरणी नुसती तिथे नेऊन ठेवायची नाही, चांगलं घर बांधायचं. तिला येत होतं तसंच तिनं ते बांधलं. मेणाच्या खोल्या केल्या. मेणाचे बोगदे करून त्या जोडल्या, आणि सगळं कोनाड्याच्या तोंडावर बसेल अशा काचेला चिकटवलं. काच उभी केली, वरच्या फटीतून प्लास्टर ओतलं. सुकल्यावर गरम पाण्यानं मेण काढलं की झालं, मेणाच्या जागी मुंग्यांची घरं. वर पाणी घालायला एक नळी, म्हणजे प्लास्टर ओलसर राहील. समोर फुलपाखरं धरायच्या जाळीसारखी सुबक जाळी लावलेलं अंगण. आणि काचेवर लाल कागद, कारण लाल उजेड त्यांना दिसत नाही. माणसं आपल्याकडे टक लावून बघताहेत आणि त्यांना वाटतंय काळोख आहे!

वहिनीनं सगळं पाहिलं, कौतुक केलं, आणि विचारलं, "धुवायचं झालं तर हे बाहेर कसं निघतं?"

ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला.

प्लास्टर ओतण्याआधी साच्याला साबणाचं पाणी फासायचं असतं. नाहीतर प्लास्टर साच्यालाच धरून बसतं. कवळी करणाऱ्याच्या हाताला हे झोपेतसुद्धा ठाऊक असतं. ताईनं उभ्या आयुष्यात साबण विसरून एक जबडा खराब केला नव्हता. आणि तिनं कोनाड्याला साबण फासलाच नव्हता. वारूळ भिंतीला असं बसलं होतं की ते काढायचं तर भिंतच काढावी लागली असती.

"विसरले," ताई म्हणाली.

"विसरलीस?" दादा म्हणाला. "तू?"

"विसरले म्हणतेय ना."

ती खरंच विसरली की आता हलवून दाखव म्हणून तिनं मुद्दाम केलं, हे वहिनीनं पुढे अनेकदा खोदून पाहिलं. कधी चहा देऊन, कधी भांडून, एकदा तर ताईला ताप आला असताना. उत्तर एकच. विसरले.

वहिनी स्वच्छतेची भोक्ती. तिच्या घरात धुळीला उभं राहायची सोय नव्हती. भिंतीत मुंग्या आहेत म्हटल्यावर पहिले काही महिने तिनं साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला. या मुंग्या साखरेकडे ढुंकूनही बघेनात, तेव्हा तिला उलट अपमान वाटला. त्यांना लागायची शिकार. वाळवी, पाकोळी, झुरळ. झुरळ म्हटल्यावर मात्र वहिनीचे कान टवकारले.

"झुरळ खातात?"

"आवडीनं. पण फवारा मारलेलं नको. चप्पल चालेल."

तेव्हापासून स्वयंपाकघरात चप्पल आपटल्याचा आवाज आला की मागोमाग वहिनीची हाक यायची, "वन्सं, पानं घ्या हो!" अशी त्या दोघींची भागीदारी सुरू झाली. मुंग्यांची अंगणझाड मात्र वहिनीकडे. मुंग्या आपला कचरा एका कोपऱ्यात नेऊन टाकायच्या: झुरळाचे पाय, कोषांची सालं, मेलेल्या मुंग्या. "निदान एका जागी टाकतात," वहिनी दादाकडे बघून म्हणायची, आणि त्याचे मोजे उचलायची.

ताईला पहिलं एक वर्ष एकच काळजी होती. राणी कुठाय? मुंग्यांना राणी असते, ती मोठी असते, अंडी घालते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. दात तपासायचं भिंग डोळ्याला लावून ती रोज शोधायची. सगळ्या सारख्याच. दादा कामावरून आला की बूट काढता काढता विचारायचा, "सापडल्या का महाराणी?" अंडी तर होती, पण ती मातीबरोबर आलेली असणार. राणी खणताना मागेच राहिली असावी आणि आता हे घर हळूहळू रिकामं होणार, अशी ताईची समजूत झाली. तिचं जेवणावरचं लक्ष उडालं.

मग एका दुपारी ती ओरडली, "वहिनी, धाव!"

वहिनी ओल्या हातानं धावली. भिंगाखाली एक कोवळी मुंगी नुकतीच कोषातून निघाली होती. तिच्या पाठीवर दोन इवलीशी बोंडं होती, पंख फुटायचे राहून गेल्यासारखी. आणि एक जुनी मुंगी तिला धरून ती बोंडं कुरतडत होती. कुरतडून झाल्यावर कोवळी मुकाट कामाला लागली.

"हिची बघ," ताईनं जुनीकडे बोट दाखवलं. "हिची बोंडं शाबूत आहेत. सगळ्या घरात हिची एकटीची. राणीबिणी काही नाही गं यांच्यात. एकच लग्नाची, तीच अंडी घालते. बाकी कोणाचं लग्न होऊ नये म्हणून ही आल्या आल्या त्यांचे पंख छाटते."

"अगदी सासूबाई," वहिनी म्हणाली. सासूबाई केव्हाच वर गेल्या होत्या म्हणून बोलता आलं.

"माझ्या आईचं नाव घेऊ नकोस," ताई म्हणाली. आणि भिंगातून डोळा न काढता, "पण हो."

"म्हणजे या घरात, वन्सं, मी लग्नाची..."

"तू अंडी घाल. दाणापाणी मी बघते."

दोघी इतक्या हसल्या की शेजारीण विचारायला आली. तिला काय सांगणार?

आणि खरंच तसं झालं की. वहिनीला मुलगी झाली, ती ताईच्याच अंगाखांद्यावर वाढली. मुलीचा पहिला दात हलायला लागला तेव्हा तो पाडायचा मान आत्याचा. मुलगी मोठी झाली, शिकली, नोकरीसाठी दूर गेली. मधल्या काळात मुंग्यांच्या घरातली लग्नाची म्हातारी होऊन मेली, तिच्या जागी एका कोवळीची बोंडं शाबूत राहिली, आणि तिच्यासाठी नवरा शोधायची पाळी आली. नवरा लागतो बाहेरच्या वारुळातला. स्वतःला आलेली सगळी स्थळं जिनं दारातून परत पाठवली, ती बाई दिवेलागणीला बागेच्या भिंतीशी दिव्याखाली डबी घेऊन उभी राहायला लागली. सोबतीला वहिनी. शेवटी एक सापडला. बारीक, तपकिरी, पंखवाला, आणि एकंदरीत भांबावलेला.

"दिसायला काही खास नाही," वहिनी म्हणाली.

"नसतातच."

"मी इथेच आहे," मागून दादा म्हणाला. त्याला कंदील धरायला आणलं होतं.

अशी वर्षं गेली. मुंग्यांच्या पिढ्या झाल्या, दादाचे केस गेले, वहिनीचे दात गेले आणि ताईनं तिला नवे दिले. मग एक दिवस घरमालकाचा माणूस आला आणि सांगून गेला की इमारत पाडायची आहे. सगळ्या बिऱ्हाडांना शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या खोल्या मिळणार. यांची तिसऱ्या मजल्यावर. वारा भरपूर, पाणी नळाला, जिना रुंद. वहिनी खूश. दादा खूश. दोघांनी ताईकडे पाहिलं.

"तुम्ही व्हा पुढे," ताई म्हणाली. "मी कारखान्यामागच्या खोलीत राहीन."

"म्हणजे?"

"त्यांना भिंतीत मीच गाडलंय. इथे भिंत पडणार आणि मी तिसऱ्या मजल्यावर वारा खात बसू? भिंत असेपर्यंत रोज येऊन पाणी घालीन. त्या आल्या तर मी येईन. नाही आल्या तर माझं माझं बघेन."

"मुंग्यांसाठी सख्खा भाऊ सोडणार?" दादा कडाडला. "हे बघ, तू आमच्याबरोबर येशील, नाहीतर..."

नेहमीप्रमाणे रूळ संपले.

वहिनीला ताईचा स्वभाव ठाऊक होता. ही बया एकदा वेगळी राहिली की परत यायची नाही, 'आता कशाला, जमलंय माझं' म्हणेल. आणि मग नव्या घरात राहायचं कोणी? वहिनीनं आणि दादानं. दादा माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याकडे बोलायला विषय दोनच, पाणी आलं का आणि पाणी गेलं का. चप्पल आपटल्यावर हाक कोणाला मारायची? रागावून बोलणं बंद करायचं तर ते कोणाशी? दादाशी बंद केलं तर त्याला चार दिवस कळायचं नाही.

तेव्हा ठरलं. मुंग्या आल्याच पाहिजेत.

दादानं आधी छिन्नी आणली. पहिल्याच ठोक्याला प्लास्टरचा वरचा बोगदा ढासळला आणि आत अशी पळापळ झाली की ताईनं छिन्नी हिसकावून घेतली. मग एकच उपाय उरला. नवं घर करायचं, जुन्याला फळीनं जोडायचं, आणि त्यांना आपल्या पायांनी चालत यायला लावायचं. मुंग्यांना ढकलून चालत नाही. जुन्या घरात करमेनासं व्हावं लागतं आणि नव्यात करमावं लागतं. ताईनं पेटीत बसेल असं नवं वारूळ ओतलं. या खेपेला तिनं साबण असा फासला, असा फासला की साचा उलटा केल्याबरोबर प्लास्टर हसत हसत बाहेर आलं. "घे," ती दादाला म्हणाली. "बघ, विसरले का?"

जुन्या घराचं पाणी बंद केलं. लाल कागद काढला. समोर दिवा लावला. नवं घर ओलं, अंधारं, थंडगार. फळी मधे. आता बघत बसायचं.

पहिल्या दिवशी एक मुंगी फळीवरून गेली, नव्या दारात मिशा लावल्या, आणि आल्या पावली परत फिरली. दुसऱ्या दिवशी तेच. पुढेही तेच. जुनं घर कोरडं ठणठणीत पडत चाललेलं, दिवा डोळ्यात जाणारा, तरी मंडळी आपली अंडी तोंडात धरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. "आमच्याच आहेत," दादा म्हणाला. "हट्टी."

इकडे इमारत रिकामी होत गेली. सामानाची गाडी जाऊन आली. वहिनीची भांडी नव्या घरी, आणि वहिनी जुन्या. मुकादम माणसं घेऊन आला आणि त्यानं वरच्या मजल्यापासून पाडायला सुरुवात केली. पाडकाम वरून खाली येतं, हे या बिऱ्हाडाचं नशीब. डोक्यावर धडाम-धुडूम, वरून धूळ, आणि खाली तिघं जणं एका फळीकडे बघत बसलेली. वहिनीनं पहिल्यांदाच धूळ पुसायची सोडून दिली.

"बाई," मुकादम दारात येऊन म्हणाला, "उद्या ही खोली घ्यायची आहे. मालकाला काय सांगू? मुंग्यांसाठी थांबलोय?"

"सांगा, बिऱ्हाड निघालंय पण वेळ लागतोय," वहिनी म्हणाली.

ताई उठली आणि आपली पिशवी भरायला लागली. कारखान्यामागच्या खोलीत न्यायची पिशवी. टॉवेल, भिंग, कानस.

ते बघून वहिनीचं डोकं फिरलं. ती तरातरा पेटीशी गेली. ताईला बोलता येईना म्हणून पेटीलाच बोलणार होती. वाकून झाकण उघडलं, आणि थबकली. नाक पेटीत घातलं. पुन्हा घातलं.

"वन्सं!"

"काय?"

"याला साबणाचा वास येतोय."

"मग येणारच. साबण फासलाय ना!"

"अहो, नाकात जातोय माझ्या! मला जातोय तर त्या मिशांना काय होत असेल?" आयुष्यभर साबणाशी खेळलेली बाई ती. कपड्यात साबण राहिला तर तो कोरड्या कपड्यातही तिला कळायचा. "धुतलंत का हे नंतर?"

कवळी धुऊनच द्यायची असते, पण ती शेवटी, घासूनपुसून झाल्यावर. प्लास्टरचा साचा कोण धुतं? साचा शेवटी फोडूनच टाकतात. ताईनं आयुष्यात कधी साचा धुतला नव्हता.

ताई पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "विसरले," ती म्हणाली.

या वेळी ती खरंच विसरली होती, यात वहिनीला शंका नव्हती.

वहिनीनं बाह्या वर केल्या. पेटी नळाखाली धरली. धू, निथळ. धू, निथळ. वाकून वास घेई, नाक मुरडी, पुन्हा धुवी. बोगद्यांतून पाणी ओतून दुसऱ्या टोकानं काढलं. मग पेटी वरच्या मजल्याच्या उरलेल्या फरशीवर नेऊन उन्हात ठेवली. मुकादमाचा एक गडी तिच्याकडे बघत राहिला, तर त्याला म्हणाली, "बघतोस काय, सावली पाडू नकोस." वास पार गेल्यावर तिनं पुन्हा पेटी ओली केली. आणि मग तिला आणखी एक सुचलं. मुंग्यांच्या अंगणातला जो कचरा ती वर्षानुवर्षं झाडून टाकत आली, तोच तिनं आज केराच्या डब्यात हात घालून वेचून काढला. कोषांची सालं, झुरळाचा पाय, मळलेलं पीस. आणि ते सगळं नव्या दाराशी नेऊन नीट मांडलं.

"कचरा टाकतेयस?" दादा थक्क होऊन म्हणाला. "तू?"

"नव्या घराला आपला वास नको का? तुम्ही नाही का नव्या उशीवर आठ दिवस कुशी बदलत!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच फळी पुन्हा लावली. बसले तिघं.

एक मुंगी निघाली. फळीवरून गेली. नव्या दाराशी थांबली. मिशा लावल्या, पिसाला लावल्या, सालाला लावल्या. आत गेली. बाहेर येईना. ताईनं वहिनीचा हात इतका घट्ट धरला की वहिनीची बोटं पांढरी पडली. मग ती बाहेर आली, सरळ जुन्या घरात गेली, आणि परत निघाली ती एकटी नाही. तिच्या पाठीला मिशा टेकवून मागोमाग दुसरी.

"आणतेय!" ताई कुजबुजली. "हाताला धरून आणतेय."

अशाच त्या जातात. रांग नाही, झुंबड नाही. जिनं घर पाहिलंय ती एकीला बरोबर घेते. मागचीचा स्पर्श सुटला तर पुढची थांबते, मागची चाचपडत येऊन टेकली की मगच पुढे. पोचली की दोघी परत येतात आणि आणखी दोघींना घेऊन जातात.

"सगळ्या एकदम का नाही जात?" दादानं विचारलं. "अशानं युगं लागतील."

"तुम्ही तरी किल्ली कुठाय हे विचारल्याशिवाय कुठे जाता?"

मुकादम घाई करायला आला आणि टिकाव टेकून उभा राहिला. मग उकिडवा बसला. मग त्याचे गडीही येऊन बसले. ही जोडी आधी पोचेल का ती, यावर चहाची पैज लागली. एक मुंगी मधेच चुकली आणि गोल गोल फिरायला लागली, तेव्हा चुन्यानं माखलेली ती दांडगी माणसं "अगं इकडे, इकडे!" करून ओरडायला लागली. कोष तोंडात धरून नेले जाऊ लागले तेव्हा मुकादमानं टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुपार कलली तेव्हा बोंडंवाली निघाली, अगदी इतरांसारखीच, कोणाच्या तरी पाठीला लागून.

"हीच का ती मोठी?" मुकादमानं विचारलं.

"हीच."

"मग हिला पण दुसरीच नेतेय?"

"घर हिनं कुठे पाहिलंय?" ताई म्हणाली.

दिवस मावळायच्या आत जुनं घर रिकामं झालं. ताईनं भिंग लावून शेवटचा कोपरा पाहिला, पेटीचं झाकण लावलं, आणि कारखान्याकडे न्यायची ती पिशवी वहिनीच्या हातात दिली. "ही गाडीत टाक. आणि जिना चढताना पेटी मीच धरणार." वहिनीनं पिशवी घेतली आणि चटकन पाठ फिरवली. डोळ्यात धूळ गेली म्हणाली. त्या खोलीत धूळ होती तशी भरपूर.

नव्या घरात सगळ्यांचं जमलं. तिसऱ्या मजल्यावर पहिली झुरळं यायला वेळ लागला, तेवढीच काय ती अडचण. म्हणून ताईनं कोपऱ्यावरची लाकडाची वखार शोधून काढली. ओल्या ओंडक्यांत वाळवी असतेच. वखारवाला पहिल्यांदा बिथरला. वखारीत वाळवी मागायला आलेलं गिऱ्हाईक त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. पण ताईनं त्याच्या वरच्या कवळीची एक धार तिथल्या तिथे घासून दिली, आणि मैत्री झाली. आठवड्यातून एकदा ती डबी घेऊन उतरायची. गुडघे दुखायला लागले तरी. "मी आणते," वहिनी म्हणायची. "तुला चांगला ओंडका कळायचा नाही," ताई म्हणायची. यावर दोघींचं दर आठवड्याला वाजायचं आणि दर आठवड्याला ताईच जायची.

त्या दिवशीही वाजलं. ताई डबी घेऊन उतरली. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईला म्हणाली, "हसा बघू," आणि बघून पुढे गेली. वखारवाल्यानं दुरूनच ओरडून विचारलं, "ताई, आज किती माणसांचं जेवण?" ती म्हणाली, "पाहुणे आहेत, जरा हात सैल सोडा." त्यानं कुजका ओंडका उलटा केला. तिनं तो वरून खालून पाहिला, नापसंत केला, दुसरा मागितला. काडीनं खरवडून डबीत वाळवी पाडली, झाकण लावलं, आणि परत येताना कोपऱ्यावर उभं राहून दम घेतला, तो ती दर खेपेला घ्यायची. वर आल्यावर चपला काढल्या, पेटीशी बसली, डबी उघडून वाळवी हळूच अंगणात सोडली. एक मुंगी बाहेर आली, एक उचलून आत गेली. मागून दुसरी आली.

"वहिनी," ताईनं आतल्या खोलीकडे हाक दिली, "पानं वाढलीत. आता आपला चहा टाक."

तिचं वखारीत जाणं ते शेवटचं. वहिनीनं चहा टाकला, आणि तिथूनच विचारलं, "ओंडका कसला होता आज?"

"पहिला अगदीच टाकाऊ," ताई म्हणाली. "दुसरा बरा होता."